घोड्याच्या तोबऱ्यात काय भरावं?

घोड्याला उलटी होत नाही. बाधलेला घास पुढेच सरकतो, म्हणून चंदी भरताना हात आखडता बरा. पाचशे किलोच्या या जनावराचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं. चाऱ्याचं खरं पचन होतं मागच्या मोठ्या आतड्यात, तिथल्या जिवाणूंच्या भरवशावर. एका वेळी फार धान्य पडलं की न पचलेला स्टार्च तिथे आंबतो, आम्ल वाढतं आणि पोटशूळ उठतो. कधी खुरांनाही सूज येते.

अंगावर गांधी उठल्या की दोष लगेच खुराकावर जातो. पण कीटकांचे चावे, धूळ, बुरशी हे संशयित आधी तपासावेत. खरी अन्नाची ॲलर्जी घोड्यांत तशी कमीच. रक्तचाचणीवर फार विसंबू नये. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने काही आठवडे एकाच प्रकारचं साधं गवत द्यावं, मग ओट्स, हरभरा, लसूणघास असं एकेक परत आणावं. कंटाळवाणं आहे, पण गुन्हेगार असाच सापडतो.

वाळलेलं गवत भिजवून दिलं तर धूळ बसते, थोडी साखरही धुऊन जाते. मात्र उन्हाळ्यात ते लवकर आंबतं.

खुराकातला कोणताही बदल मात्र आठ-दहा दिवसांत, हळूहळूच करावा.