मुलामा आणि घट्ट जोड

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना लोहार ती तापवतो. फुगलेली धाव लाकडी चाकावर बसते आणि पाणी ओतताच आवळली जाते. भिलाईत तयार झालेल्या रुळांवरून धावणारे आगगाडीचे चाकही आपल्या आसावर अशाच आवळणीने टिकते. फरक इतकाच, की तेथे आस सामान्यतः थंड अवस्थेतच प्रचंड दाबाने चाकाच्या तुंब्यात लोटला जातो.

सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला व १९५९ च्या फेब्रुवारीत त्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. पोलादाच्या कारखान्यात पाणी, वाफ व धूळ यांना तोटा नसतो. तेव्हा दंडावर जस्ताचा किंवा क्रोमियमचा मुलामा चढवावा, हा विचार साहजिकच सुचतो. पण त्या मुलाम्याने जोडाची पकड वाढते की घटते?

आधी मापाचा हिशेब पाहू. १०० मिलिमीटर व्यासाचा दंड भोकापेक्षा ०.०६ मिलिमीटरने मोठा ठेवला आहे. त्यावर ०.०१ मिलिमीटर जाडीचा मुलामा दिला, तर तो दोन्ही बाजूंनी चढतो व तफावत ०.०८ होते. मुलामा कठीण असेल, तर दाब सुमारे एक तृतीयांशाने वाढतो आणि तुंब्यातील ताणही तितकाच. ओतीव लोखंडाचा तुंबा अशा वेळी तडकू शकतो. म्हणून मुलाम्याची जाडी धरूनच दंड तासला पाहिजे. ही साधी गोष्ट दुरुस्तीच्या घाईत हमखास विसरली जाते.

जस्त, तांबे, कॅडमियम यांसारख्या मऊ धातूंची गोष्ट निराळी आहे. घासून गुळगुळीत केलेल्या पोलादावरही सूक्ष्म उंचवटे व खाचा असतात. मऊ थर दाबाखाली त्या खाचांत शिरतो आणि खरा स्पर्श वाढतो. ओर्लोव यांच्या यंत्ररचनेवरील रशियन ग्रंथात, ज्याचा इंग्रजी अनुवाद मॉस्कोच्या मीर प्रकाशनाने काढला, अशा थराने जोड बळकट होतो असे प्रतिपादन आहे. मात्र हा लाभ पुरता मिळतो तो तुंबा तापवून किंवा दंड थंड करून जोडल्यास. थंडच लोटल्यास तुंब्याची कड मऊ थर खरवडून पुढे ढकलते. १०० मिलिमीटरचे भोक २०० अंश सेल्सियसने तापवले, की सुमारे ०.२३ मिलिमीटर रुंदावते. एवढी फट पुरेशी असते. कथिल मात्र २३२ अंशांना वितळते, हे ध्यानी ठेवावे.

कडक पोलादाला आणखी एक धोका असतो. विलेपनाच्या वेळी धातूत शिरलेला हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो; म्हणून विलेपनानंतर तो भाग सुमारे २०० अंशांवर काही तास तापवून हायड्रोजन बाहेर घालवावा लागतो. क्रोमियमच्या थरातील सूक्ष्म भेगा तर फिरत्या दंडाची थकवा सोसण्याची शक्तीच कमी करतात.

आगगाडीच्या आसाची बैठक सामान्यतः मुलाम्याविना ठेवतात. चाक चढवताना तिला केवळ वंगण लावतात आणि दाब कसा वाढत गेला याचा आलेख नोंदवून जोडाची परीक्षा करतात.