ताम्रपट आहे, वाचणारा हवा

‘परभणीचा ताम्रपट’ या नावाने प्राच्यविद्येच्या अभ्यासकांना परिचित असलेला एक दानलेख आहे. शके ८८८ मध्ये, म्हणजे इ. स. ९६६ मध्ये, वेमुलवाड्याच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या अरिकेसरीने आपल्या पित्याने उभारलेल्या जिनालयासाठी सोमदेवसूरी या जैन आचार्यांना एक गाव दान दिले, त्याची ही नोंद. हे सोमदेव म्हणजे ‘यशस्तिलक’ आणि ‘नीतिवाक्यामृत’ या संस्कृत ग्रंथांचे कर्ते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकातून हा लेख प्रसिद्ध झाला. पुढे आसामचे विद्वान कृष्णकांत हांडिकी यांनी सोमदेवांवरील आपल्या ग्रंथात त्याचा आधार घेतला आणि तो ग्रंथ १९४९ मध्ये सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने काढला. पुणे, आसाम आणि सोलापूर यांनी मिळून परभणीचे नाव विद्वानांच्या जगात नेले. परंतु हा ताम्रपट मुळातून वाचू शकेल असा तरुण परभणी जिल्ह्यातच तयार व्हावा, यासाठी आपण काय करीत आहोत?

प्रश्न केवळ एका ताम्रपटाचा नाही. त्याचा अर्थ लावायचा तर संस्कृत हवे, प्राचीन लिपीचे ज्ञान हवे, जैन परंपरेसाठी प्राकृत हवे आणि त्या राजघराण्याचा इतिहास उलगडण्यासाठी जुनी कन्नडही हवी, कारण महाकवी पंप याच घराण्याच्या आश्रयास होता. चारठाण्याची आणि धारासूरची मंदिरे पाहणाऱ्यालाही ही साधने लागतात. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे त्याच्या अलीकडच्या इतिहासाला फारसी आणि उर्दू यांवाचून गती नाही. यांपैकी एकही भाषा दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पुरी आत्मसात होत नाही. या विद्येचे खरे मोल काळात मोजावे लागते, आणि तरुणाला हा काळ मिळवून देणे हेच संशोधन-शिष्यवृत्तीचे प्रयोजन होय.

दक्षिणेचा धडा

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. सेनापती दाभाडे यांनी सुरू केलेली आणि पेशव्यांनी वाढविलेली श्रावणमासाची दक्षिणा सर्वश्रुत आहे. दूरदूरचे ब्राह्मण पुण्यास येत, दान घेत आणि परत जात. विद्वत्तेचा सन्मान त्यात होता. पण नवी विद्या निर्माण करण्याची योजना त्यात नव्हती. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी या निधीतून १८२१ मध्ये पुण्यास संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ मध्ये सुधारक तरुणांनी या पैशाचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा असा अर्ज केला, तेव्हा सनातन्यांनी गहजब केला. पुढे त्याच निधीतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे त्यांपैकीच. भांडारकरांनी संस्कृतचा व्यासंग याच उमेदीच्या वर्षांत जोडला. त्यातून पुढे ‘मार्गोपदेशिका’ आली, १८८४ मध्ये दख्खनचा प्राचीन इतिहास आला आणि त्यांच्या नावाने १९१७ मध्ये पुण्यास प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले.

निधी तोच होता. पैसा देण्याची रीत तेवढी बदलली. मिळविलेल्या विद्येला बक्षीस देण्याऐवजी विद्या मिळविण्यासाठी वेळ दिला गेला, आणि एका पिढीत फळ दिसले. याच भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये आरंभले आणि ते १९६६ मध्ये पुरे केले. १,२५९ हस्तलिखिते त्यासाठी तपासली गेली. सुखटणकरांचे १९४३ मध्ये निधन झाले, त्यांच्यानंतर बेलवलकर आले, मग वैद्य आले. काम थांबले नाही. शिकून तयार झालेली माणसे मागे उभी होती, म्हणूनच ते थांबले नाही.

पदवीनंतरची पोकळी

आजची स्थिती काय आहे? राष्ट्रीय पात्रता परीक्षेत संस्कृत, पाली, प्राकृत, फारसी हे विषय आहेत. त्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळविणाऱ्यास जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७ हजार आणि पुढे ४२ हजार रुपये मंजूर आहेत. रक्कम तुच्छ नाही. परंतु तिची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षांची, आणि पीएच. डी. हाती पडताच ती संपते. खरी कसोटी तेव्हाच सुरू होते. प्रबंध लिहून झालेला असतो, पण ताम्रपटाची संहिता सिद्ध करण्याइतका हात बसलेला नसतो. घरी वडिलांचे वय झालेले, बहिणीचे लग्न ठरलेले, शेतीचा भरवसा पावसावर. अशा वेळी तासिका तत्त्वावरील अध्यापन पत्करावे लागते. त्यात तासागणिक पैसे, सुटीत तेही नाहीत. मग पोथी मिटते ती कायमची. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या महाविद्यालयांत नेमक्या याच वयासाठी तीन-चार वर्षांच्या कनिष्ठ अधिछात्रवृत्त्या असतात. शिकवण्याचा भार अल्प, संशोधनाचा काळ पुष्कळ.

दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठी, पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली या भाषांना अभिजात दर्जा दिला. त्यानंतर सत्कार आणि उत्सव झाले, तेही योग्यच. पण सन्मानाने भाषेची प्रतिष्ठा वाढते. तिची वाचणारी पिढी वाढते ती शिष्यवृत्तीने.

दार कोणासाठी?

दुष्काळाशी झुंजणाऱ्या जिल्ह्यात जुन्या भाषांवर पैसा कशाला, असा आक्षेप येईल. तो पोटतिडकीने येतो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. ज्यांच्या घरी पोथ्या आणि पैसा आहे त्यांची मुले शिष्यवृत्तीवाचूनही या भाषा शिकू शकतात. ज्यांच्या घरी दोन्ही नाही, त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती हेच एकमेव दार आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे त्यांनी संस्कृत स्वतः आत्मसात केले आणि पालीचा कोश रचण्याचे काम हाती घेतले. प्राचीन ग्रंथांतील वचनांनी ज्यांचे जीवन जखडले, त्यांच्याच लेकरांनी ते ग्रंथ मुळातून वाचावेत, यासारखे न्याय्य दुसरे काय असेल? मूळ वाचता न येणाऱ्याला इतरांनी सांगितलेल्या अर्थावर विसंबावे लागते.

योजना अवघड नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि राज्य शासनाने मिळून पीएच. डी. नंतरच्या मोजक्याच, पण पाच वर्षांच्या अधिछात्रवृत्त्या ठेवाव्यात. पहिली दोन वर्षे अभ्यासकाने पुण्याच्या भांडारकर संस्थेत किंवा डेक्कन कॉलेजात तज्ज्ञांच्या हाताखाली घालवावीत. पुढील तीन वर्षे आपल्याच जिल्ह्यातील महाविद्यालयात राहून आठवड्याला थोडे तास शिकवावे आणि परिसरातील लेख, पोथ्या व दफ्तरे वाचून प्रसिद्ध करावीत. निवड गुणांवर व्हावी आणि मानधन महिन्याच्या महिन्याला हाती पडावे. हप्ता वर्षभर रखडला तर शिष्यवृत्तीचा हेतूच बुडतो.

दहाव्या शतकातील एका राजाने एका विद्वानाच्या स्वाधीन एक गाव केले, आणि हजार वर्षांनी आपण त्याची नोंद अभिमानाने सांगतो. लोकशाही राज्याकडे कोणी गाव मागत नाही. एका तरुणाला पाच निर्वेध वर्षे द्यावीत, एवढेच मागणे आहे.