काचेतला शार्क आणि त्याचे दोन देह

पांढऱ्या पोलादी चौकटीची भलीमोठी काचपेटी, आत निळसर-हिरवा द्रव आणि त्या द्रवात जबडा उघडून अधांतरी थांबलेला सुमारे चौदा फुटी टायगर शार्क. पेटीच्या कोपऱ्याशी उभं राहिलं की काच आणि द्रव मिळून प्रकाश असा वाकवतात, की एकाच माशाचे दोन तुकडे दिसतात. पाऊलभर सरकलं की तुकडे जुळतात आणि मासा हलल्याचा भास होतो. तो मेलेला आहे हे पक्कं ठाऊक असताना!

इंग्रज कलाकार डेमियन हर्स्टची ही १९९१ची कृती. संग्राहक चार्ल्स साची यांनी तिच्यासाठी ५० हजार पौंड मोजले. शार्क ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळ, खास मागणी नोंदवून पकडला होता. १९९२मध्ये लंडनला ती पेटी मांडली गेली आणि ‘द सन’ने इतके पैसे देऊन माशासोबत चिप्ससुद्धा नाहीत अशी थट्टा केली. ‘यात कलाकाराने केलं काय?’ हा प्रश्न तेव्हापासून तिला चिकटलेला आहे.

पुढे घडलं ते जास्त विलक्षण. शार्क कुजू लागला. पेटीतल्या द्रवातलं फॉर्माल्डिहाइड प्रथिनांचे रेणू एकमेकांना बांधून टाकतं, म्हणून ऊती टिकतात. पण ते बाहेरून आत फार सावकाश झिरपतं. लोणच्याची फोड जाड राहिली की मीठ मध्यापर्यंत पोचत नाही, तसंच इथे झालं. रसायन गाभ्याशी पोचायच्या आधीच आतून कुजायला सुरुवात झाली. द्रव गढूळ झाला, कातडी सुरकुतली. १९९३मध्ये शार्कची कातडी काढून फायबरग्लासच्या साच्यावर चढवली. हर्स्टला ते मुळीच पटलं नाही. माशातलं वजनच हरवलं, ही त्याची तक्रार होती.

ही तक्रार मला कळीची वाटते. बाहेरून मासा तोच होता, कातडी खरी होती. पण समोर उभ्या माणसाला भीती वाटेना.

२००४मध्ये ती कृती अमेरिकी गुंतवणूकदार स्टीव्हन कोहेन यांनी विकत घेतली आणि २००६मध्ये शार्कच बदलण्यात आला. पुन्हा क्वीन्सलंडहून शार्क आला, गोठवलेल्या अवस्थेत. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधले मत्स्यतज्ज्ञ ऑलिव्हर क्रिमेन मदतीला होते. या वेळी सुया खोलवर खुपसून रसायन थेट शरीराच्या आत सोडलं गेलं. पुढच्याच वर्षी ही पेटी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये दिसू लागली. देह नवा, कृती तीच!

मग कृती असते तरी कुठे? याचं उत्तर शोधायला लंडनच्याच शोरडिच भागात जावं लागतं. तिथल्या वीजसामानाच्या एका दुकानदाराने १९८९मध्ये, म्हणजे हर्स्टच्या दोन वर्षं आधी, आपल्या दुकानात शार्क मांडला होता. २००३मध्ये अशा कलेला विरोध करणाऱ्या ‘स्टकिस्ट’ चित्रकारांनी तोच आपल्या गॅलरीत टांगला. मेलेला शार्क म्हणजे कला नव्हे, असं त्या प्रदर्शनाचं नावच होतं. विरोधकांचा याहून नेमका युक्तिवाद माझ्या पाहण्यात नाही.

तरीही मला दोन्ही शार्क सारखे वाटत नाहीत. दुकानातला शार्क पकडणाऱ्याचा पराक्रम सांगतो. हर्स्टचा शार्क जणू त्याच्या पाण्यात आहे, नजरेच्या पातळीवर आहे, तोंड उघडून आहे. त्याला शिकारीच नाही, त्यामुळे भक्ष्याची जागा बघणाऱ्याकडे येते. शिवाय हर्स्टने कृतीला नाव दिलंय ते लांबलचक: जिवंत माणसाच्या मनाला मृत्यू प्रत्यक्ष अनुभवणं अशक्य आहे, अशा अर्थाचं. ते वाचून पुन्हा पेटीकडे पाहिलं, की मृत्यू समोर असूनही मनात शिरत नाही याचा अनुभव तिथेच येतो. आकार, द्रव, नाव आणि अंतर ही निवड कलाकाराची आहे. म्हणून माझ्या लेखी ही अस्सल कला आहे. ती घडवण्यासाठी दोन प्राणी मारले गेले, हे मला खुपतं. कला ठरल्याने तो हिशेब फिटत नाही.

कल्पना मोठी आणि देह दुय्यम, या विचारालाही मर्यादा हवी. हर्स्टच्या फॉर्माल्डिहाइडमधल्या काही कृतींवर १९९०च्या दशकातली सालं होती, प्रत्यक्षात त्या २०१७मध्ये बनल्या, असं ‘द गार्डियन’ने २०२४मध्ये उघड केलं. साल संकल्पनेचं असतं, असा खुलासा हर्स्टच्या कंपनीने केला. हे मला मान्य नाही. बघणाऱ्याला समोरच्या वस्तूचं खरं वय कळायलाच हवं. संग्रहालयांनी अशा कृतींच्या फलकावर दोन्ही सालं छापावीत, या शार्कच्याही: कल्पना १९९१, देह २००६.