समजून घ्या : चहाने तरतरी येते, मग अंगात ताकद का येत नाही?

परभणी : सकाळी उठल्यावर एक, न्याहारीसोबत एक, शेतात किंवा दुकानात गेल्यावर एक आणि पाहुणा आला की आणखी एक. परभणी असो, जिंतूर असो की गंगाखेड, 'अंगात त्राणच नाही' म्हणणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो, 'चहा घे, बरं वाटेल.' खरेच बरे वाटते, पण तासा-दोन तासांपुरते. रक्तक्षय, थायरॉइड, किडनीचे विकार अशा दीर्घ आजारांत ही तरतरी दुखण्याचे खरे कारण झाकून ठेवू शकते. कसे, ते समजून घेऊ.

कॅफिन नेमके काय करते?

दिवसभराच्या कामानंतर मेंदूत अॅडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते. 'आता विश्रांती घे' हा निरोप तेच देते. चहा-कॉफीतील कॅफिन हा निरोप अडवते. थकवा जात नाही, तो जाणवत नाही एवढेच. परिणाम ओसरला की थकवा पुन्हा पुढे येतो आणि दुसरा कप लागतो.

थकवा आणि अशक्तपणा एकच आहे का?

नाही. काम करावेसे न वाटणे हा थकवा. बसल्यावर हाताचा आधार घेतल्याशिवाय उठता न येणे, जिना चढताना मांड्या लटपटणे, रोजची घागर न उचलणे हा स्नायूंचा अशक्तपणा. धडधाकट खेळाडूंमध्ये कॅफिनने कामगिरी थोडी सुधारते, हे खरे. पण आजाराने दुबळ्या झालेल्या स्नायूला त्यातून बळ मिळत नाही.

आजारातल्या थकव्यावरही उत्तेजके हमखास चालत नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या १४१ रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि अमँटाडिन या तीन औषधांपैकी एकही थकव्यावर नुसत्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही. दुष्परिणाम मात्र जास्त दिसले.

परभणीची ज्वारी आणि चहाचा कप

राज्यात १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ सांगते. लोह फक्त रक्तालाच लागते असे नाही. स्नायूंत ऑक्सिजन साठवायला आणि ऊर्जा तयार करायलाही ते हवे. म्हणूनच लोह कमी पडले की हातपाय गळतात.

यावर उपाय म्हणून इक्रिसॅट आणि येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण २०१८ मध्ये आणले. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे सुमारे ३० मिलीग्रॅम लोह असते, या वाणात ते ४५ मिलीग्रॅमपर्यंत आहे. पण भाकरीसोबत किंवा जेवण होताच चहा घेतला, तर त्यातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते आणि शरीरात जाणारे लोह बरेच घटते. लोहाच्या गोळीचेही तसेच होते. म्हणजे अशक्तपणा घालवायला घेतलेला चहा अशक्तपणाच वाढवतो!

थायरॉइडची गोळीही चहा-कॉफीसोबत नीट शोषली जात नाही. ती उपाशीपोटी पाण्यासोबत घेऊन किमान अर्धा ते एक तास थांबावे लागते. गोळी रोज घेऊनही मांड्या दुखत असतील, तर ही सवय डॉक्टरांना जरूर सांगावी.

उत्तेजक औषधांचे काय?

काही मोजक्या आजारांत त्यांचा उपयोग होतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायूंच्या आजाराने ग्रस्त हॅरिएट एजवर्थ यांना दुसऱ्याच कारणासाठी घेतलेल्या इफेड्रिनने बळ आल्याचे जाणवले. हा अनुभव त्यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध केला. आजही असे औषध निवडक रुग्णांनाच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते.

व्यायामशाळांमधून चोरून वापरले जाणारे मेफेंटरमाइनचे इंजेक्शन ही वेगळी गोष्ट. ते शस्त्रक्रियेवेळी घसरलेला रक्तदाब वर आणण्यासाठी आहे. ताकदीसाठी ते घेणे म्हणजे हृदयाशी खेळ. एनर्जी ड्रिंकचा अतिरेकही धोक्याचा. कॅफिन फार झाले तर रक्तातील पोटॅशियम घटून स्नायू उलट लुळे पडू शकतात. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी अधिक जपावे.

मग किती आणि कधी?

• हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार दिवसाला कॅफिनची मर्यादा ३०० मिलीग्रॅम. १५० मिलीलीटर चहात ते ३० ते ६५ मिलीग्रॅम असते.

• जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी नको.

• लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत चालेल, चहासोबत नाही.

• दोन-तीन आठवडे अशक्तपणा टिकला तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि किडनीची तपासणी करून घ्यावी.

• पाय अचानक लुळे पडणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास, पापण्या मिटणे ही लक्षणे दिसली तर घरी न थांबता रुग्णालय गाठावे.

चहा सोडायची गरज नाही. पण दिवस ढकलायला रोज एक कप जास्त लागत असेल, तर तपासणीची वेळ झाली आहे.