ड्रीमलँडचा मनोरा: 1 लाख दिवे आणि डांबराची एक बादली

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा शांतपणे वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय.

आज जायचंय न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडला. समुद्रकिनारा, उन्हाळ्यात तुफान गर्दी, आणि शेजारी शेजारी तीन मोठी करमणुकीची पार्कं: स्टीपलचेस, लूना पार्क आणि ड्रीमलँड. लूना पार्क 1903 मध्ये सुरू झालं आणि त्याच्या अडीच लाख दिव्यांनी लोक वेडे झाले. हे बघून विल्यम रेनॉल्ड्स नावाच्या एका माजी सिनेटरने ठरवलं, की आपण याच्यापेक्षा मोठं काहीतरी करायचं. लगेच पुढच्याच वर्षी, 1904 मध्ये, ड्रीमलँड उघडलं. दिवे किती? 10 लाख! म्हणजे सरळसरळ चौपट.

त्याच्या मधोमध होता पांढराशुभ्र मनोरा. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात हिराल्दा नावाचा जुना घंटामनोरा आहे, त्याच्यावरून बेतलेला. उंची 375 फूट. अंदाज येत नसेल तर असं बघा: मुंबईचा राजाबाई टॉवर साधारण 280 फुटांचा आहे. त्याच्या डोक्यावर आणखी आठ-नऊ मजली इमारत ठेवली, तर हा मनोरा होईल. आणि त्या एकट्या मनोऱ्यावर 1 लाख दिवे. लक्षात घ्या, तेव्हा अमेरिकेतसुद्धा बहुतेक घरांत वीज आलेली नव्हती. घरी रॉकेलचा दिवा, आणि इथे रात्री हे! लोक नुसतं बघायला यायचे, यात नवल नाही.

पण दिसायला संगमरवरी वाटणारं हे पार्क बांधलं कशाचं होतं? लाकडी सांगाडे, त्यावर पट्ट्या, आणि वरून प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये धागे कालवून केलेला गिलावा. आपल्याकडे गणपतीत मंडळं राजवाड्याचा देखावा उभा करतात ना, तसंच. फरक एवढाच, की आपला देखावा दहा दिवसांत उतरतो. हा सात वर्षं समुद्राच्या वाऱ्यात उभा राहिला, आत विजेच्या तारांचं जाळं घेऊन.

गंमत बघा (गंमत म्हणवत नाही खरं तर), ड्रीमलँडच्या गाजलेल्या खेळांपैकी एक होता आग विझवण्याचा! इमारत पेटवायची, वरच्या खिडकीतून माणसं उड्या मारणार, बंबवाले धावत येणार, पब्लिक टाळ्या वाजवणार.

27 मे 1911. त्याच दिवशी नवा सीझन सुरू होणार होता. मध्यरात्र उलटून गेली तरी कामगार 'हेल गेट' नावाच्या राइडची दुरुस्ती करत होते. अंधाऱ्या बोगद्यातून बोटीत बसून नरकाची सफर, अशी ती राइड. पाणी गळत होतं म्हणून गरम डांबराने फटी बुजवणं चाललेलं. अचानक तिथले दिवे गेले, अंधारात डांबराची बादली लवंडली आणि भडका उडाला. पाण्याला पुरेसा दाब नव्हता. मनोरा पेटला आणि कोसळला. पहाटेपर्यंत ड्रीमलँड संपलं होतं.

सर्कशीतल्या प्राण्यांचे फार हाल झाले. 'ब्लॅक प्रिन्स' नावाचा सिंह पेटलेल्या आयाळीनिशी रस्त्यावर पळत सुटला आणि शेजारच्या एका राइडवर चढला. पोलिसांनी त्याला तिथे गोळ्या घातल्या.

आणि त्या रात्री पार्कमध्ये बाळंही होती. हो, खरीखुरी, दिवस भरायच्या आत जन्मलेली. आपण "बाळाला काचेत ठेवलंय" म्हणतो ना, त्या काचेच्या पेट्या तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक हॉस्पिटलांत नव्हत्याच. मार्टिन कूनी नावाच्या माणसाने त्या जत्रेत मांडल्या. लोक तिकीट काढून बाळं बघायचे आणि त्या पैशांतून नर्सेसचे पगार, दूध, औषधं भागायची. आई-बापांकडून तो एक पैसा घेत नसे. कूनी खरंच डॉक्टर होता का, यावर आजही शंका घेतली जाते. मला विचाराल तर बाळांचा तमाशा मांडणं खटकतंच. पण ज्या आईला हॉस्पिटलने हात वर करून दाखवले, तिच्याकडे दुसरा रस्ता कुठला होता?

त्या आगीतून सगळी बाळं सुखरूप बाहेर काढली गेली. एकाही माणसाचा जीव गेला नाही.

राख पुरती निवलीही नव्हती, तोवर मॅनेजर सॅम्युअल गंपर्ट्झने तिथे तंबू ठोकून तिकीटविक्री सुरू केली. ड्रीमलँड मात्र पुन्हा बांधलं गेलं नाही. कूनीच्या पेट्या कोनी आयलंडवर 1943 पर्यंत चालू राहिल्या, तोवर हॉस्पिटलांनीही त्या स्वीकारल्या होत्या. मनोऱ्याच्या त्या परिसरात 1957 पासून न्यूयॉर्कचं मत्स्यालय आहे.

पुढच्या भागात याच कोनी आयलंडवरचं, हत्तीच्या आकाराचं हॉटेल. तेही जळालंच, 1896 मध्ये. भेटूया!