मामांची जर्मनची होडी

होडी दुरुस्त करायची म्हणजे आधी रंगाचा डबा आणायचा, अशी माझी समजूत होती. वीस वर्षे वर्गात मराठी शिकवणाऱ्या माणसाची समजूत याहून निराळी असण्याचे कारणही नाही. गेल्या मे महिन्यात निळ्या रंगाचे दोन डबे, दोन ब्रश आणि पुष्कळसा उत्साह घेऊन मी मामांच्या गावी उतरलो. उत्साह पहिल्याच दिवशी आटला. डबे उघडण्याची वेळ पुढे तीन आठवडे आली नाही.

गाव दाभोळच्या खाडीकाठी, चिपळूणच्या खालच्या अंगाला. मामा मुंबईला गोदीत नोकरीला होते. १९८४ साली त्यांनी दारूखान्यात, म्हणजे जुनी जहाजे मोडून त्यांचे सामान विकतात तिथे, ॲल्युमिनियमची एक बारा फुटी होडी हेरली आणि ट्रकवर घालून गावी आणली. गावातल्या होड्या सगळ्या लाकडाच्या. आपल्याकडे खेड्यापाड्यांत ॲल्युमिनियमच्या भांड्याला 'जर्मन' किंवा 'जर्मल' म्हणतात. तेव्हा ही झाली जर्मनची होडी. मुले तिला 'मामांचे पातेले' म्हणत. सुटीत आम्ही भाचरे त्या पातेल्यात बसून खाडीभर हिंडलो आहोत.

पुढे ती गळू लागली. मामांनी खालून डांबर फासले, मेण भरले. गळती काही थांबेना. या खाडीत मगरी आहेत, त्यामुळे गळक्या होडीतून हिंडण्याची हौस कोणालाच नव्हती. शेवटी मामांनी ती गोठ्यात पालथी घातली आणि तिच्याखाली कोंबड्या राहू लागल्या. २०१९ साली मामा गेले. यंदा मामीचा फोन आला, "भंगारवाला किलोवर मागतोय रे. देऊन टाकू का?" देऊन टाकायची असती तर तिने विचारले नसते. मी म्हणालो, "थांब मामी, मी येतो."

गावात एक मिस्त्री भेटले. एस.टी.च्या दापोडीच्या वर्कशॉपात त्यांचा जन्म गेला. आपल्या लाल गाडीचे अंग कितीतरी वर्षे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आणि रिबिटांचे असे. त्यामुळे हा पत्रा त्यांच्या हातातला. माझे रंगाचे डबे पाहून ते म्हणाले, "सर, हे ठेवा बाजूला. आधी होडीत पाणी भरा."

"होडीत? होडी पाण्यात घालतात ना?"

"बाहेरचे पाणी आत कुठून येते ते दिसत नाही. आतले पाणी बाहेर कुठून जाते ते दिसते."

चार माणसे लावून होडी सुलटी केली आणि लाकडी ठोकळ्यांवर चढवली. लोखंडाच्या तिसऱ्या हिश्श्याने भरणारा हा धातू. एवढी होडी दोघांनी सहज उचलायला हवी होती. बाकांखाली हात घातला तेव्हा कोडे उलगडले. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून तिथे फोम भरलेला असतो. त्याने वर्षानुवर्षे पाणी पिऊन घेतले होते. बुडू न देणारी वस्तूच आता होडीला खाली ओढत होती! तो सगळा उपसून काढला. त्या जागी थर्माकोल कोंबावा असे मी सुचवले. मिस्त्री म्हणाले, पेट्रोलचा थेंब लागला की तो विरघळतो. मग पाणी न पिणारा बंद छिद्रांचा फोम चिपळुणाहून मागवला.

मग खालचे डांबर खरवडून काढले आणि विहिरीचे पाणी बादल्यांनी होडीत ओतले. मी होडीखाली आडवा झालो. जिथे थेंब दिसेल तिथे खडूने वर्तुळ काढायचे, हे मात्र माझ्या आवाक्यातले काम होते. सतरा रिबिटांखाली थेंब साठत होते. पण मधल्या बाकाच्या जरा मागे थेंब नव्हे, धारच लागली होती.

पाणी काढून टाकले आणि तळाच्या प्लायवुडच्या फळ्या उचकटल्या. फळी कुजून तिचा लगदा झाला होता. त्या लगद्यात एक हिरवी चकती चिकटली होती. चिंचेने घासली तेव्हा ओळख पटली. तो ढब्बू पैसा होता. इंग्रजी अमदानीतला, तांब्याचा. त्याच्या बरोबर खाली पत्र्याची पांढरी भुकटी झाली होती आणि मध्ये बोटाच्या पेराएवढे भोक.

मिस्त्रींनी कारण सांगितले. ॲल्युमिनियमवर हवेने एक पातळसा थर आपोआप धरतो आणि तोच त्याचे रक्षण करतो. पण तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि मध्ये खारे पाणी राहिले की त्याची बॅटरी बनते. तांबे शाबूत राहते, ॲल्युमिनियम झिजते. म्हणून असल्या होडीला तांबेयुक्त रंग लावायचा नाही, पितळी स्क्रू मारायचा नाही, लोखंडावरचा लाल प्रायमरही चालत नाही. मी मान डोलावत होतो, पण लक्ष पैशाकडे होते. हा आत आला कसा?

संध्याकाळी मामी चहा घेऊन आली. तिने पैसा पाहिला आणि ओळखला.

"माझाच तो. होडी आणली तेव्हा पूजा केली होती ना, तेव्हा फटीतून आत सरकवला मी. देव्हाऱ्यातला होता. म्हटले, पाण्यावर यांची राखण करील." थोड्या वेळाने तिने विचारले, "हा इथे का काढून ठेवलास?"

खोटे बोलावे असे फार वाटले. 'फळीखाली सापडला' एवढेच म्हटले असते तरी भागले असते. मिस्त्री तोंड फिरवून रिबिटे मोजू लागले. पण मामी भोकाकडे पाहत होती. ते पैशाच्याच आकाराचे होते, आणि मामीची नजर पहिल्यापासून तीक्ष्ण.

"म्हणजे माझ्या पैशानेच होडी खाल्ली होय रे? आणि ते वर्षानुवर्षे बाहेरून डांबर लावीत राहिले!"

मी म्हणालो, "मामी, तुला कसे कळणार? मामांना तरी कुठे कळले?" ती काही बोलली नाही. पदराने पैसा पुसून आत घेऊन गेली. त्या रात्री जेवताना ती मामांच्या होडीच्या गोष्टी सांगत बसली. पाच वर्षांत तिने त्यांचे नाव एवढ्या वेळा घेतलेले मी ऐकले नव्हते.

पुढचे काम दोन माणसांचे. बाहेरून मिस्त्री हातोडीने रिबिटाच्या डोक्यावर ठोकीत आणि आतून मी जड लोखंडी ठोकळा दाबून धरी. ढिली रिबिटे एवढ्याने घट्ट बसली. झिजलेली सहा छिद्र पाडून काढली आणि नवी भरीव घातली. पोकळ रिबिटे झटपट बसतात, पण साधी असली तर त्यांच्यातूनच पाणी झिरपते. जुन्या पातळ पत्र्याला झाळ लावली तर तो वितळून भोक वाढण्याची भीती. म्हणून भोकावर गोल कोपऱ्यांचे ठिगळ सीलंट लावून रिबिटांनी बसवले. माझा ठोकळा दोनदा निसटला आणि पत्र्याला दोन पोचे आले. ते अजून आहेत.

पुन्हा पाणी भरले. मी पाऊण तास खडू हातात धरून होडीखाली पडून राहिलो. एक वर्तुळ काढावे लागले नाही. मग ॲल्युमिनियमसाठी असतो तो प्रायमर, आणि शेवटी माझे निळे डबे.

नारळी पौर्णिमेला भरती पाहून होडी काठाकाठाने पाण्यात घातली. माझी बारा वर्षांची मुलगी लाइफजॅकेट घालून पुढे बसली होती. मामीने नारळ वाहिला, हळदकुंकू वाहिले. मी तिच्या मुठीकडे पाहतो आहे, हे तिच्या लक्षात आले.

तिने मूठ उघडून दाखवली. रिकामी होती. "पैसा देव्हाऱ्यात ठेवलाय," ती म्हणाली. "तिथूनसुद्धा राखण होते." मग जरा थांबून विचारले, "माझ्यापुरती जागा आहे का रे त्यात?"

मुलगी सरकली. मामी मधल्या बाकावर, ठिगळाच्या बरोबर वर, पाय घट्ट टेकून बसली.