वजन उतरलं, पण नेमकं काय उतरलं?

मैत्रिणींनो, वजन कमी करायचं म्हटलं की आपण बायका पहिलं काय करतो? रात्रीचं जेवण सोडतो. मग दुधातली साखर, मग दूधच. वरण ‘जड’ म्हणून ताटातून जातं, सोमवार आणि चतुर्थीच्या जोडीला गुरुवारचा उपास येतो. दोन महिन्यांत काटा पाच-सहा किलोंनी खाली येतो आणि आपण खूष होतो. पण भेटणारी प्रत्येकजण विचारते, “काय गं, आजारी होतीस का?” गाल बसलेले, दंडाची कातडी लोंबलेली, दोन जिने चढले की धाप. पोट मात्र बरंचसं जागच्या जागी!

असं का होतं? कारण काटा फक्त किलो सांगतो. त्या किलोंमध्ये चरबी किती, पाणी किती आणि स्नायू किती, हे तो सांगत नाही. आपल्याला उतरवायची असते चरबी. स्नायू ही तर आपली ताकद.

शरीर स्नायू का मोडतं?

आपण जेवण एकदम तोडलं की पहिल्या आठवड्यात जे वजन झरझर उतरतं, त्यात पाणीच पुष्कळ असतं. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा असतो, तो पाणी धरून ठेवतो. साठा संपला की पाणीही जातं. त्यामुळे पहिल्या आठवड्याच्या दोन किलोंवर फार हुरळून जाऊ नये.

त्यानंतर शरीर चरबी वापरू लागतं. पण मेंदूला साखर लागते, आणि चरबीपासून साखर फारशी करता येत नाही. ती करायला शरीर प्रथिनांकडे वळतं. आता गंमत अशी की जास्तीच्या पिठासाखरेची आणि तेलातुपाची चरबी करून शरीर साठवतं, पण प्रथिनांची वेगळी कोठी त्याच्याजवळ नाही. ताटातून प्रथिने आली नाहीत, तर ती स्नायूंतूनच काढावी लागतात. एक दिवसाच्या उपासाने काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलं की बिघडतं. साधारणपणे नुसतं खाणं कमी करून उतरवलेल्या वजनाचा चौथा हिस्सा चरबीचा नसतो, आणि घाई केली तर हे प्रमाण आणखी वाढतं.

याचा एक जुना दाखला आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने स्वेच्छेने पुढे आलेल्या ३६ तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. युद्धामुळे उपाशी राहिलेल्यांना पुन्हा कसे सावरावे, हे शोधायचे होते. त्यांचे वजन जवळजवळ पाव हिस्सा घटले. स्नायू झिजले, थंडी वाजू लागली, चिडचिड वाढली, डोक्यात सदा अन्नाचेच विचार. पुढे पोटभर जेवण सुरू झाल्यावर चरबी लवकर भरून आली, स्नायू मात्र मागे राहिले.

आपलं ‘डाएटिंग’ इतकं कडक नसतं हे खरं. पण दर लग्नसराईआधी पाच किलो उतरवायचे आणि नंतर सहा चढवायचे, यात तेच थोड्या प्रमाणात घडतं. तिशी-चाळिशीनंतर स्नायू तसेही हळूहळू कमी होतात, पाळी गेल्यावर आणखी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायूच उचलून घेतात, म्हणून ज्यांच्या घरी मधुमेह आहे त्यांनी तर स्नायू जपायलाच हवेत. आणि साठाव्या वर्षी जमिनीवरून कुणाचा हात न धरता उठता येतं की नाही, हेही त्यांच्यावरच अवलंबून!

ताटात काय हवं?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. वजन उतरवत असताना मात्र ही गरज वाढते. किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम, म्हणजे ६० ते ७५ ग्रॅम धरावी.

कुठून आणायची? तीस ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण साडेसहा ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा, मूठभर फुटाण्यांत सहा, पन्नास ग्रॅम पनीरमध्ये नऊ ग्रॅम. सोयाबीनच्या वड्या तर वजनाच्या निम्म्या प्रथिनेच. मासे-कोंबडी खाणाऱ्यांचं काम आणखी सोपं, फक्त तळण्याऐवजी कालवण करावं. शेंगदाण्यात प्रथिने भरपूर, पण तेलही भरपूर, म्हणून ते मोजून. आणि साबुदाणा? त्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच! उपासाला दही, ताक, दूध, राजगिरा घ्या.

एक नमुना देते. शाकाहारी, साठ किलोच्या बाईसाठी:

सकाळी : मुगाच्या डाळीची दोन धिरडी, वाटीभर दही.
दुपारी : एक ज्वारीची भाकरी, वाटीभर दाट मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर, ताक.
चार वाजता : पेलाभर दूध, मूठभर फुटाणे.
रात्री : एक भाकरी, वाटीभर घट्ट वरण, पन्नास ग्रॅम पनीर घातलेली भाजी.

यात साधारण ६५ ग्रॅम प्रथिने आणि चहा धरून पंधराशे-सोळाशे उष्मांक होतात. कमी केलंय ते भात, साखर, तेल आणि चिवडा-फरसाण. महिन्याला एक ते दोन किलो उतरले तरी पुरे. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० उष्मांक, ती आठ दिवसांत कशी जाणार?

आता एक नाजूक गोष्ट. अंडं मुलांना, साय यांना, दाट वरण सासऱ्यांना, आणि शेवटी पातेल्यात उरलेलं पाणी आपल्याला, असं तुमच्याकडे होतं का? मग कागदावरचा आहार कागदावरच राहील. स्वयंपाक झाला की आपली वाटी आधी बाजूला काढून ठेवा. यात स्वार्थ नाही. घरातली डाळ मूठभर जास्त शिजवावी, इतकंच.

“दिवसभर राबतो की आम्ही!”

खरं आहे. पण पोळ्या, केर, धुणं यांनी शरीर दमतं. स्नायूंवरचा भार वाढत जात नाही. ‘हा स्नायू लागतो आहे, मोडू नको’ हे शरीराला कळायला थोडं जड काम मुद्दाम द्यावं लागतं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दिवसाआड, वीस मिनिटं पुरतात:

१. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे.
२. भिंतीला हात टेकून जोर. पुढे ओट्याला टेकून.
३. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या खांद्यापासून डोक्यावर उचलणे.
४. कंबर न वाकवता, पाठ सरळ ठेवून, पाच किलो तांदळाची पिशवी जमिनीवरून उचलणे.
५. भिंतीला धरून टाचा उचलणे.

प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा एकदा. शेवटचे दोन जड जायला हवेत. सोपे झाले की भार वाढवा. दंड पुरुषी होतील ही भीती नको, बायकांचे स्नायू इतक्या सहजी फुगत नाहीत. बाकीचे दिवस भरभर चाला.

मूत्रपिंडाचा विकार, मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन, रक्तदाब किंवा गुडघ्या-पाठीचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वजन उतरवण्याच्या भानगडीत पडू नये.

रोज काट्यावर उभं राहू नका. आठवड्यातून एकदा पुरे. महिन्यातून एकदा कंबर टेपने मोजा. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. आणि खुर्चीवरून किती वेळा उठता आलं, तेही कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. कंबरेचा आकडा उतरतोय आणि हा आकडा चढतोय, तर समजा, जे उतरायला हवं तेच उतरतंय.